एम-४५ हार्मोन बिघडवतं का? उत्तर काढायची रीत

ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लांबला की द्राक्षबागेत डावणीची धास्ती सुरू होते, आणि टाकीत पिवळसर भुकटी पडते ती बहुधा मॅन्कोझेबची. नाशिकपासून तासगावपर्यंत या औषधाला मॅन्कोझेब म्हणणारे थोडे, एम-४५ म्हणणारेच जास्त. डिसेंबर २०२० मध्ये युरोपियन युनियनने त्याच्या मंजुरीचं नूतनीकरण नाकारलं. कारणं एकाहून जास्त होती. त्यातलं एक असं की हे औषध माणसाच्या हार्मोनव्यवस्थेत बिघाड करतं. आपल्याकडे ते दुकानात मिळतंच आहे.

मग खरं कोण, असा वाद लगेच सुरू होतो. त्या वादात शिरण्याआधी हे ठरवतात कसं ते पाहू. चाचण्या कुठल्या, त्यात काय मोजतात आणि कुठे फसतात हे कळलं, की ‘अमुक औषधाने हार्मोन बिघडतात’ ही बातमी आणि ‘आमचं औषध पूर्ण सुरक्षित आहे’ हे पत्रक, दोन्ही वाचताना कुठे बोट ठेवायचं ते समजतं.

व्याख्येतला महाग शब्द

जागतिक आरोग्य संघटनेच्या रसायन-सुरक्षा कार्यक्रमाने २००२ मध्ये केलेली व्याख्या आज जवळपास सगळीकडे धरतात. तिचा अर्थ असा: बाहेरून शरीरात आलेला पदार्थ किंवा पदार्थांचं मिश्रण अंतःस्रावी यंत्रणेचं काम बदलतं, आणि त्यामुळे जिवंत प्राण्यात, त्याच्या संततीत किंवा त्या प्राण्यांच्या गटात आरोग्याला अपाय होतो.

यात तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. अपाय झाला पाहिजे. हार्मोनच्या यंत्रणेत ढवळाढवळ झाली पाहिजे. आणि पहिली गोष्ट दुसरीमुळे झाली हे जीवशास्त्राला पटलं पाहिजे. सगळी मेहनत आणि सगळी भांडणं त्या ‘त्यामुळे’ या शब्दाभोवती आहेत. साखर खाल्ली की इन्सुलिन वाढतं, पण तो बिघाड नव्हे. उंदराला आठवडाभर अर्धपोटी ठेवलं की टेस्टोस्टेरॉन उतरतं. तिथे दोष उपासमारीचा. औषधाच्या मोठ्या मात्रेने उंदराची भूक मेली, वजन १० टक्क्यांहून जास्त घटलं आणि मग हार्मोन उतरलं, तर त्या आकड्यावरून हार्मोनबद्दल फारसं काही सांगता येत नाही. कुठलाही अहवाल वाचताना वजनाचा तक्ता आधी उघडावा तो म्हणूनच.

हार्मोन शरीरात पन्नासाहून जास्त आहेत. नियमाने मात्र चारच वाटा तपासल्या जातात: इस्ट्रोजेन, अँड्रोजेन, थायरॉइड आणि स्टिरॉइड हार्मोन तयार होण्याची साखळी. याच वाटांसाठी नावाजलेल्या, अनेक देशांनी ताडून पाहिलेल्या चाचण्या उपलब्ध आहेत. इन्सुलिन, कॉर्टिसॉल, भुकेचे हार्मोन यांच्यासाठी अजून तशी घडी बसलेली नाही. म्हणजे ‘हार्मोनवर परिणाम नाही’ या वाक्याचा खरा अर्थ ‘या चार वाटांवर सापडला नाही’ एवढाच.

आधी कागद

युरोपात कीटकनाशकांसाठीचे निकष २०१८ मध्ये लागू झाले आणि त्यासोबत मूल्यमापनाची मार्गदर्शिका आली. तिची पहिली पायरी प्रयोगशाळेत नाही, कपाटात आहे. त्या रसायनावर आजवर झालेले सगळे अभ्यास, कंपनीने दिलेले आणि नियतकालिकांत छापलेले, एका तक्त्यात ओळीओळीने भरायचे. मग निरीक्षणांचे ढीग करायचे.

पहिला ढीग पेशींवरच्या चाचण्यांचा. दुसरा प्राण्यांतल्या हार्मोनच्या मोजमापांचा. तिसऱ्या ढिगात असे अपाय येतात ज्यांच्यामागे हार्मोन असण्याची शक्यता दाट असते: सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टीवर दिसणारा थायरॉइडचा बदल, नर पिल्लाच्या छातीवर राहिलेली स्तनाग्रं, वृषणातली विकृती. चौथा ढीग फसवा आहे. पिल्लांची संख्या घटली, गर्भधारणा कमी झाली, पिल्लं खुजी राहिली, अशा गोष्टी त्यात येतात. त्या हार्मोनमुळे होऊ शकतात, तशाच इतर दहा कारणांनीही होतात. वर्तमानपत्रांत सर्वात मोठे मथळे या चौथ्या ढिगातून निघतात.

त्यानंतर येतो पुरेशा तपासणीचा प्रश्न, आणि बहुतेक जुनी औषधं इथेच अडतात. थायरॉइडबद्दल ‘परिणाम नाही’ म्हणायचं असेल तर २८ आणि ९० दिवसांच्या, दीर्घ मुदतीच्या आणि पिढ्यांच्या अभ्यासांत थायरॉइड खरोखर पाहिलेला असावा लागतो. पूर्वीच्या अनेक अभ्यासांत तो नुसता काढून ठेवला जायचा, रक्तातले हार्मोन कुणी मोजत नसे. चाचण्यांच्या प्रमाण पद्धती ठरवणाऱ्या ओईसीडी या देशांच्या संघटनेच्या ९० दिवसांच्या उंदीर-चाचणीत टी४, टी३ (थायरॉइडचे हार्मोन) आणि टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन) मोजणं २०१८ च्या सुधारणेनंतर आलं. न मोजलेल्या गोष्टीला ‘आढळली नाही’ म्हणणं ही या क्षेत्रातली सर्वात जुनी चूक आहे.

डिशमधल्या पेशी काय सांगतात

पेशींवरच्या चाचण्या स्वस्त आणि जलद असतात. इस्ट्रोजेनच्या चाचणीत माणसाच्या पेशींमध्ये इस्ट्रोजेनचा रिसेप्टर (हार्मोन ज्याला चिकटून पेशीला संदेश देतं ते प्रथिन) आणि काजव्याच्या प्रकाशाचा जनुक बसवलेला असतो. रसायन रिसेप्टरला चिकटून तो चालू करू शकलं, की पेशी उजळतात आणि तो उजेड यंत्र मोजतं. अँड्रोजेनसाठीही अशीच सोय आहे, तिथे दाबून टाकणारा परिणामही बघतात.

स्टिरॉइड तयार होण्याच्या चाचणीत एच२९५आर नावाच्या पेशी वापरतात. माणसाच्या मूत्रपिंडावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीच्या गाठीतून वाढवलेल्या या पेशी स्वतः टेस्टोस्टेरॉन आणि इस्ट्राडायॉल बनवतात. २४ खोलगट कप्प्यांच्या तबकात त्या पेरायच्या, एक दिवस रुळू द्यायच्या, मग ४८ तास रसायनात ठेवून वरच्या द्रावात हार्मोन किती उतरलं ते मोजायचं. तबक नीट चालतंय का हे पाहायला दोन ओळखीची रसायनं सोबत ठेवतात: उत्पादन वाढवणारं फोर्स्कोलिन आणि घटवणारं प्रोक्लोराझ. यातलं प्रोक्लोराझ स्वतःच एक बुरशीनाशक आहे. हार्मोन-उत्पादन हमखास घटवतं म्हणून ते मापाचा दगड बनलं.

या जातीची बुरशीनाशकं असं का करतात, हे समजून घेण्यासारखं आहे. टेब्युकोनॅझोल, प्रोपिकोनॅझोल ही अॅझोल मंडळी बुरशीचं एक एन्झाइम अडवतात. त्यावाचून बुरशीला पेशीचं आवरण बांधता येत नाही. त्याच एन्झाइम-घराण्यातला दुसरा सदस्य, अरोमाटेज, आपल्या शरीरात टेस्टोस्टेरॉनपासून इस्ट्रोजेन बनवतो. घराणं एक असल्याने चावी थोडीफार दोन्हीकडे लागते. किती लागते हे प्रत्येक अॅझोलचं वेगळं, म्हणून सगळ्यांना एकाच माळेत ओवू नये.

डिशमध्ये फसगत कशी होते? पहिली, पेशी मरायला लागल्या तरी हार्मोन घटतंच. म्हणून जिवंत पेशींचं प्रमाण ८० टक्क्यांखाली गेलं की ती मात्रा बाद धरतात. ही मोजणी नसलेला अभ्यास बाजूला ठेवावा. दुसरी, रसायन विरघळवायला घेतलेल्या डीएमएसओचं प्रमाण जास्त झालं तर त्याचाच परिणाम दिसतो, साधारण ०.१ टक्क्यात राहायचं असतं. तिसरी फसगत सर्वात महत्त्वाची: डिशला यकृत नसतं.

व्हिन्क्लोझोलिन या बुरशीनाशकाची गोष्ट यासाठी नेहमी सांगतात. मूळ रेणू अँड्रोजेनच्या रिसेप्टरला जेमतेम चिकटतो. शरीरात त्याचे जे दोन तुकडे होतात, ते मात्र घट्ट चिकटून रिसेप्टर बंद करतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या प्रयोगशाळेत १९९० च्या दशकात गाभण उंदरींना हे औषध दिलं, तेव्हा नर पिल्लं मादीसारख्या ठेवणीची निघाली, मूत्रमार्गाचं तोंड चुकीच्या जागी असलेलीही. फक्त मूळ रेणू डिशमध्ये टाकून बसलं असतं तर हे कळलं नसतं.

उलट बाजूचं उदाहरण अॅट्राझिनचं. मका आणि उसातलं हे तणनाशक इस्ट्रोजेन किंवा अँड्रोजेनच्या रिसेप्टरला बोटही लावत नाही. ते मेंदूतून निघणाऱ्या संदेशात अडथळा आणतं. उंदरीत बीजांड सुटण्याआधी जी एलएच हार्मोनची उसळी येते, ती मोठ्या मात्रेत दबते. रिसेप्टरची चाचणी इथे शांत राहते, कारण बिघाड तिच्या हद्दीबाहेर आहे.

म्हणून डिशचा होकार म्हणजे पुढे तपासा, आणि डिशचा नकार म्हणजे या दारातून नाही. याहून जास्त वजन त्याला देऊ नये.

प्राण्यांवरच्या चाचण्या

प्राण्यांतल्या छोट्या चाचण्या चतुर आहेत. इस्ट्रोजेनसाठी वयात न आलेली किंवा अंडाशय काढलेली उंदरी घेतात. तिच्या शरीरात स्वतःचं इस्ट्रोजेन जवळपास नसतं. सलग ३ दिवस रसायन द्यायचं, शेवटच्या मात्रेनंतर २४ तासांनी गर्भाशयाचं वजन करायचं. वाढलं तर कुठून तरी इस्ट्रोजेनसारखा संदेश आला.

सोपं वाटतं, पण यात खाद्य घात करतं. प्रयोगशाळेच्या उंदरांच्या खाद्यात सोयाबीन असतं, आणि सोयामध्ये जेनिस्टीनसारखी वनस्पतिजन्य इस्ट्रोजेनं असतात. ती फार झाली की सगळ्याच गटांची गर्भाशयं आधीच फुगलेली, मग फरक दिसणार कुठून? पद्धतीत मर्यादा घालून दिली आहे: एक ग्रॅम खाद्यात जेनिस्टीनच्या हिशोबाने ३५० मायक्रोग्रॅमच्या वर नको. खाद्याची नवी गोणी फोडली आणि तिचा तपास केला नाही, एवढ्याने संपूर्ण अभ्यास वाया गेल्यासारखा होतो.

अँड्रोजेनची चाचणी याच धर्तीची. खच्ची केलेल्या नर उंदराला १० दिवस रसायन देतात आणि टेस्टोस्टेरॉनवर पोसणाऱ्या पाच अवयवांची वजनं करतात, प्रोस्टेट आणि शुक्राशय त्यात आले. अडवणारं रसायन शोधायचं असेल तर सोबत बाहेरून टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन देतात आणि त्याचा असर कमी होतो का पाहतात. पाचपैकी किमान दोन अवयवांत ठोस फरक पडला तर निकाल होकारार्थी. एकट्या प्रोस्टेटवर भागत नाही, कारण एवढासा अवयव कापताना चरबी किंवा द्रव कमी-जास्त राहिला की वजन बदलतं.

या दोन्ही चाचण्या फक्त यंत्रणा हलली का एवढं सांगतात. अपाय बघायला मोठा अभ्यास लागतो. ओईसीडीची ४४३ क्रमांकाची चाचणी २०११ मध्ये आली. आईला गर्भधारणेच्या आधीपासून रसायन, मग पिल्लांना पोटात, दुधातून आणि पुढे खाद्यातून. प्रत्येक गटात सुमारे २० माद्या व्यायलेल्या हव्यात. पिल्लांत ज्या गोष्टी मोजतात त्यांतली एक फार बोलकी आहे: गुदद्वार ते जननेंद्रिय हे अंतर. नर पिल्लात ते मादीच्या साधारण दुप्पट असतं आणि गर्भात अँड्रोजेन मिळालं का, याची ती कायमची नोंद असते. मोठ्या पिल्लाचं अंतर मोठं येणारच, म्हणून वजनाच्या घनमुळाने भागून तुलना करतात. बाराव्या-तेराव्या दिवशी नर पिल्लांच्या छातीवरची स्तनाग्रं मोजतात. निरोगी नरात ती बहुतेक विरलेली असतात.

आकडेमोडीतली एक चूक इथे इतक्यांदा होते की ती वेगळी सांगायला हवी. २० माद्या, प्रत्येकीला १० पिल्लं, म्हणजे नमुना २०० चा नव्हे, २० चाच. रसायन आईला दिलेलं असतं, आणि एका वेतातली भावंडं एकमेकांसारखीच असतात. पिल्लं सुटी सुटी मोजली की किरकोळ फरकही ठोस वाटू लागतो. दुसरं, अशा अभ्यासात शंभरेक गोष्टी मोजल्या जातात. ५ टक्क्यांची कसोटी लावली तर शंभरात सरासरी पाच फरक निव्वळ योगायोगाने ‘ठोस’ निघतील. मात्रा वाढेल तसा परिणाम वाढतो का आणि शेजारच्या अवयवातही तेच दिसतं का, यावर नजर ठेवायची ती यासाठी. यालाही अपवाद आहेत: हार्मोनच्या बाबतीत लहान मात्रेत एक आणि मोठ्या मात्रेत वेगळा परिणाम होऊ शकतो, आणि त्यावर तज्ज्ञांत अजून एकमत नाही.

थायरॉइड: मॅन्कोझेबची खरी फाइल

आता एम-४५ कडे. मॅन्कोझेब स्वतः पानावर राहून बुरशीला अनेक ठिकाणी मारतं. त्याचा एक तुकडा, इथिलीन थायोयुरिया, थोडक्यात ईटीयू, उष्णता, ओल आणि शरीरातल्या विघटनातून तयार होतो. लक्ष ठेवायचं ते याच्यावर.

थायरॉइड ग्रंथी आयोडीन घेऊन हार्मोन बनवते. आयोडीन जोडण्याचं काम थायरॉइड पेरॉक्सिडेज नावाचं एन्झाइम करतं. ईटीयू नेमकं तेच एन्झाइम अडवतं. पुढची साखळी अशी: टी४ बनणं घटतं, रक्तातलं टी४ उतरतं, मेंदूखालची पियुषिका ग्रंथी ते ओळखून टीएसएच वाढवते, टीएसएचच्या सततच्या तगाद्याने थायरॉइड फुगतो, काचपट्टीवर त्याच्या पेशी उंच झालेल्या आणि मधला साठा आटलेला दिसतो. हे वर्षानुवर्षं चाललं तर गाठी. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाच्या १९९२ च्या अहवालात ईटीयूमुळे उंदरांत थायरॉइडच्या गाठी नोंदलेल्या आहेत.

तज्ज्ञ इथे कड्या जुळतात का ते बघतात. टी४ आधी उतरलं आणि ग्रंथी नंतर वाढली का? ज्या मात्रेला ग्रंथी वाढली, त्या किंवा त्याहून कमी मात्रेला टी४ उतरलेलं आहे का? रसायन थांबवल्यावर गाडी मागे येते का? या क्रमात एखादी कडी उलटी निघाली, तर कारण दुसरं शोधावं लागतं.

दुसरं कारण बहुधा यकृत असतं. अनेक रसायनं यकृतातली एन्झाइमं वाढवतात, ती टी४ ला बांधून भराभर बाहेर टाकतात, आणि टी४ उतरतं. ग्रंथीला कुणी हातही लावलेला नसतो. परिणाम कागदावर सारखा, वाट वेगळी. हे वेगळं करायला यकृताचं वजन, तिथल्या एन्झाइमांची क्रिया आणि पेरॉक्सिडेजवरची थेट चाचणी, तिन्ही लागतात. ईटीयूच्या बाबतीत पेरॉक्सिडेजवरचा थेट परिणाम प्रयोगशाळेत दाखवलेला आहे, म्हणून ही फाइल इतरांपेक्षा स्वच्छ.

मग उंदराचं माणसाला लागू पडतं का? उंदराच्या रक्तात टी४ घट्ट धरून ठेवणारं, माणसात असतं तसं प्रथिन नाही. त्यामुळे त्याचं टी४ सुमारे १२ ते २४ तासांत निम्मं होतं. माणसाचं निम्मं व्हायला साधारण आठवडा लागतो. उंदराची ग्रंथी कायम धावपळीत असते, थोड्या अडथळ्याने तिचा तोल जातो. म्हणून उंदरातली थायरॉइडची गाठ जशीच्या तशी माणसाला लावत नाहीत. इतपत बचाव रास्त आहे.

पण तो बचाव गाठीपुरता. गर्भाचं काय? माणसाच्या गर्भाची ग्रंथी सुमारे बाराव्या आठवड्यापासून कामाला लागते आणि पुरेसं हार्मोन बनवायला तिला आणखी वेळ लागतो. तोवर बाळाच्या मेंदूची घडण आईच्या टी४ वर चालते. एन्झाइम उंदराचं असो की माणसाचं, काम तेच करतं. गाभण उंदरी, तिचा गर्भ, आणि चौथ्या व एकविसाव्या दिवसाची पिल्लं, सगळ्यांचं टी४ मोजणारी तुलनात्मक चाचणी याचसाठी बसवली गेली.

हे मोजमाप करणारे हातही पक्के लागतात. उंदराचा थायरॉइड जेमतेम वीस-पंचवीस मिलिग्रॅमचा. ताजा कापून वजन केलं तर निम्मा फरक कात्रीचा असतो. म्हणून श्वासनलिकेसकट आधी द्रावणात पक्का करतात, मग सोडवून तोलतात. रक्त काढण्याची वेळ तर हमखास गोंधळ घालते. दिवसभरात हार्मोन चढतात-उतरतात. निरौषध गटाचं रक्त सकाळी आणि मोठ्या मात्रेच्या गटाचं दुपारी काढलं, तर फरक घड्याळाचा येईल. गट आलटून-पालटून, ठरलेल्या दोन-तीन तासांत काम उरकायचं.

पर्यावरणाच्या बाजूने आफ्रिकन बेडकाची शेपटीवाली पिल्लं वापरतात, कारण शेपूट जाऊन पाय येणं हे सगळं थायरॉइड हार्मोनवर चालतं. २१ दिवसांची चाचणी. मागच्या पायाची लांबी, वाढीची अवस्था आणि ग्रंथीची काचपट्टी बघायची. यातली ग्यानबाची मेख पाण्यात आहे. लिटरमागे ०.५ ते १० मायक्रोग्रॅम आयोडाइड हवं. अतिशुद्ध पाणी वापरून आयोडाइड संपवलं, तर निरौषध टाकीतली पिल्लंही अडकून बसतात.

माणसांतले आकडे

माणसांवर प्रयोग करता येत नाहीत, त्यामुळे फवारणाऱ्यांकडे बघावं लागतं. मेक्सिकोत टोमॅटोवर मॅन्कोझेबच्या वर्गातली औषधं पाठीवरच्या पंपाने मारणाऱ्या ४९ मजुरांचा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचं टीएसएच थोडं वाढलेलं होतं, टी४ मात्र उतरलेलं नव्हतं. वरची साखळी आठवली तर याचा अर्थ लागतो: पियुषिका तगादा वाढवून तूट भरून काढते आहे. त्या माणसाला आजारी म्हणता येत नाही. गरोदरपणात किंवा आयोडीन कमी असताना भरून काढायची ताकद किती उरेल, हा प्रश्न राहतो.

अमेरिकेत आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायना इथल्या फवारणी परवानाधारकांच्या १६,५२९ पत्नींच्या २०१० च्या अभ्यासात, मॅन्कोझेब किंवा त्याच वर्गातलं मॅनेब वापरल्याचं सांगणाऱ्या स्त्रियांत थायरॉइड मंदावण्याचं प्रमाण गुणोत्तराने सुमारे २.२ पट आढळलं. वापर आठवणीतून सांगितलेला आणि एकाच बाईने अनेक औषधं हाताळलेली, म्हणून याला एकट्याने पुरावा मानता येत नाही. पण उंदीर, एन्झाइम आणि मजूर एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर त्याचं वजन वाढतं.

भारतातला सर्वात चर्चेतला अभ्यास एन्डोसल्फानचा. केरळात कासरगोडच्या काजूबागांवर वर्षानुवर्षं हेलिकॉप्टरमधून फवारणी झाली. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तिथल्या ११७ मुलांची तुलना फवारणी नसलेल्या भागातल्या ९० मुलांशी केली. निष्कर्ष २००३ मध्ये आले. वयाच्या मानाने पौगंडावस्था लांबलेली, टेस्टोस्टेरॉन कमी आणि वृषणाला कामाला लावणारं पियुषिकेचं एलएच जास्त. ही जोडी वाचायला शिकावी. कुपोषणाने किंवा आजारपणाने मेंदूकडूनच संदेश कमी झाला असता तर एलएचही उतरलं असतं. इथे पियुषिका ओरडते आहे आणि वृषण साथ देत नाही, म्हणजे अडथळा खालच्या टोकाला. पुरावा तरीही एका वेळच्या पाहणीचा होता. एन्डोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाची बंदी २०११ मध्ये आली.

एकच फाइल, दोन निकाल

विहिरीला कठडा नसणं हा धोका. रात्री तिथून किती जण जातात, यावर जोखीम. युरोपचा कायदा हार्मोनच्या बाबतीत धोक्यावर चालतो: निकषात बसलं की मंजुरी नाही, संपर्क नगण्य असल्याचं दाखवलं तरच अपवाद. अमेरिका जोखीम मोजते: किती मात्रेला परिणाम, माणसाला किती मिळतं, मध्ये किती अंतर. तिथे २००९ पासून ११ चाचण्यांचा पहिला संच लावण्याचे आदेश निघाले आणि २०१५ मध्ये ५२ रसायनांचे निकाल आले. २० मध्ये काही संकेत नाही, १४ मध्ये संकेत दिसले पण जोखीम नाही असा निर्वाळा, आणि १८ पुढच्या तपासणीला. त्या अठराच्या अठरा रसायनांत थायरॉइडचा संकेत होता.

मॅन्कोझेब युरोपात अडलं ते थायरॉइडच्या वाटेने हार्मोनचे निकष लागू झाले म्हणून, आणि गर्भाला अपायकारक असं वर्गीकरण झालं म्हणूनही. भारताने मे २०२० मध्ये २७ कीटकनाशकांवर बंदीचा मसुदा काढला, त्यात मॅन्कोझेब होतं. अंतिम बंदीत ते आलं नाही. दोन देशांचे निकाल वेगळे म्हणजे एक जण खोटं बोलतो असं नाही. प्रश्नच वेगळे विचारले गेले.

खाण्यापुरतं बघायचं तर जागतिक आरोग्य संघटना आणि एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना) यांच्या संयुक्त बैठकीने १९९३ मध्ये रोज चालेल अशी मर्यादा मॅन्कोझेबच्या गटासाठी वजनाच्या किलोमागे ०.०३ मिलिग्रॅम आणि ईटीयूसाठी ०.००४ मिलिग्रॅम धरली. ६० किलोच्या माणसाला १.८ आणि ०.२४ मिलिग्रॅम. तुकड्याची मर्यादा साडेसात पट कडक आहे, ती उगाच नाही.

चाचण्या मात्र एकेकट्या रसायनाच्या होतात, आणि टाकीत कधीच एकटं औषध नसतं. डेन्मार्कच्या शास्त्रज्ञांनी एपॉक्सिकोनॅझोल, मॅन्कोझेब, प्रोक्लोराझ, टेब्युकोनॅझोल आणि प्रोसिमिडोन ही पाच औषधं गाभण उंदरींना मिसळून दिली. एकेकट्याने ज्या मात्रेला फारसं दिसत नव्हतं, त्या मात्रा एकत्र आल्यावर नर पिल्लांच्या जननेंद्रियांतले दोष वाढले. २०१२ मधलं हे काम आहे. मंजुरीच्या फायलीत असं मिश्रण तपासायची सवय अजून रुळलेली नाही.

बागायतदाराच्या हातात रेसिड्यूचा, म्हणजे फळात उरलेल्या औषधाचा, अहवाल येतो, त्याचंही थोडं. प्रयोगशाळा मॅन्कोझेब थेट मोजत नाही. नमुना आम्लात तापवून निघालेला कार्बन डायसल्फाइड मोजते. त्यामुळे थायरम, प्रोपिनेब, मॅन्कोझेब सगळे एकाच आकड्यात येतात. तो आकडा मॅन्कोझेबमध्ये बदलायचा तर सुमारे १.७८ ने गुणायचं. कोबी, फ्लॉवर, कांदा, लसूण यांच्यातून हा वायू औषध न मारताही निघतो, म्हणून तिथे किरकोळ आकड्यावर बोंब मारू नये. आणि ईटीयू या आकड्यात नसतोच. त्याची तपासणी वेगळी मागावी लागते.

मॅन्कोझेब फळाच्या सालीवर बसतं, आत फारसं शिरत नाही. धुण्याने त्यातलं बरंचसं निघतं. न धुता उकळलं तर उरलेल्यातला काही भाग ईटीयू होतो, म्हणून धुणं शिजवण्याच्या आधी. फवारणाऱ्याला सर्वात जास्त संपर्क भुकटी कालवताना हातांतून आणि नाकातून होतो. हातमोजे आणि मास्क खरे त्या पाच मिनिटांसाठी हवेत. कालवलेलं औषध संध्याकाळी पाऊस आला म्हणून टाकीत तसंच ठेवून सकाळी मारायची सवय सोडावी. मॅन्कोझेब पाण्यात दिवस-दोन दिवसांत निम्मं मोडतं, उन्हाळ्यात आणखी लवकर. सकाळी टाकीत बुरशीला मारणारं कमी आणि ईटीयू जास्त असतं.